घरगुती फराळ, मसाले, लोणचं बाहेरगावी पाठवायला कोणतं प्लास्टिक घ्यावं? (बडोदा)

भाजणीघर
नमस्कार मंडळी. दांडिया बाजार आणि रावपुरा भागातल्या आम्ही काही जणी मिळून भाजणीच्या चकल्या, गोडा मसाला, लिंबाचं गोड लोणचं आणि सणावाराला पुरणपोळ्या करतो. आत्तापर्यंत माल बडोद्यातच जायचा. सकाळी केलं, संध्याकाळी गिऱ्हाईक घेऊन गेलं, त्यामुळे साध्या पारदर्शक पिशवीत भागत होतं. आता पुणे, बंगळुरू, हैदराबादहून मागणी येते आहे आणि माल पोचून घरात महिनाभर तरी टिकायला हवा.

अडचणी अशा. श्रावणात चकली आठवड्याभरात मऊ पडते. गोडा मसाल्याचा वास पिशवीतून बाहेर येतो, म्हणजे तेवढा आतला कमी होतो. लोणच्याच्या बरणीचं झाकण कितीही घट्ट लावलं तरी कुरियरमध्ये तेल आणि पाक बाहेर येतो. बाजारात विचारलं की प्रत्येक पिशवी दाखवून 'फूड ग्रेड छे, चालशे' एवढंच उत्तर मिळतं. पीईटी, पीपी, एचडीपीई, बीओपीपी ही नावं ऐकून आहे, पण कशासाठी काय घ्यायचं याचा उलगडा होत नाही. जाणकारांनी सांगावं. खर्च थोडा वाढला तरी चालेल, माल खराब पोचलेला चालणार नाही.

पॉलिमरकाका
ताई, प्रश्न अगदी योग्य ठिकाणी विचारलात. बडोदा हे पॉलिमरचंच गाव आहे. १९६९ साली आयपीसीएल, म्हणजे इंडियन पेट्रोकेमिकल्स ही सरकारी कंपनी, स्थापन झाली आणि कोयलीच्या रिफायनरीशेजारी कारखाना उभा राहिला, तेव्हापासून इथल्या कितीतरी मराठी घरांचा संसार पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनवर चालला. मीही त्याच क्षेत्रात नोकरी केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'कोणतं प्लास्टिक चांगलं' हा प्रश्न बाजूला ठेवा. आधी पदार्थाला विचारा, तुझा शत्रू कोण? चकलीचा पहिला शत्रू बाहेरची वाफ, दुसरा प्राणवायू, कारण तळणीच्या तेलाला खवट वास त्यानेच येतो. मसाल्याची लढाई वास निसटण्याशी आणि उजेडाशी आहे. हळदीचा पिवळा आणि मिरचीचा लाल रंग उजेडात फिका पडतो. लोणच्याला आम्ल, मीठ, तेल आणि भरतानाची उष्णता. तीन पदार्थ, तीन वेगळी उत्तरं.

तुमची सध्याची पारदर्शक पिशवी बहुधा एलडीपीईची, म्हणजे कमी घनतेच्या मऊ पॉलिथिलीनची असेल. बोटांत धरून ताणली की लांबते, कुरकुर वाजत नाही. एलडीपीई वाफ बऱ्यापैकी अडवतं, पण प्राणवायू आणि वास यांना जवळजवळ मोकळी वाट देतं. २५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एलडीपीई फिल्ममधून एका चौरस मीटरला दिवसाला काही हजार घनसेंटिमीटर प्राणवायू जातो. १२ मायक्रॉनच्या साध्या पीईटीतून, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकमधून, शंभराच्या आसपास. त्याच पीईटीवर ॲल्युमिनियमचा मुलामा दिला, म्हणजे मेटलाइज्ड पीईटी, की एकच्या घरात येतो. हजार, शंभर, एक. कपाटभर मसाल्याचा वास का सुटतो ते यावरून कळेल.

उलट साधं पीईटी वाफ तितकी अडवत नाही आणि ते स्वतःवर नीट सीलही होत नाही. म्हणून एक फिल्म दुसरीवर चिकटवतात, तेच लॅमिनेशन. बाहेर पीईटी, ते सीलरच्या गरम जबड्याला चिकटत नाही, छपाईही छान घेतं. मध्ये मेटलाइज्ड थर, तो हवा आणि उजेड अडवतो. आत पॉलिथिलीन, ते वितळून सील होतं.

आता चकलीचा हिशोब. पाव किलोहून थोडी लहान, २०० ग्रॅमची पिशवी धरा, २० बाय १५ सेंटिमीटर. दोन्ही बाजू मिळून ०.०६ चौरस मीटर. चकलीने स्वतःच्या वजनाच्या साधारण दोन टक्के पाणी ओढलं की कुरकुरीतपणा जायला लागतो, म्हणजे ४ ग्रॅम. ५० मायक्रॉनच्या एलडीपीईतून ३८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला चौरस मीटरमागे दिवसाला ८ ते ९ ग्रॅम वाफ जाते. तुमच्या पिशवीत अर्धा ग्रॅम. आठ दिवसांत चकली मऊ! तुम्हीही आठवडाच लिहिलाय. मेटलाइज्ड लॅमिनेटमध्ये हाच आकडा एक ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पिशवीत दिवसाला ०.०६ ग्रॅम. तिथे दोन महिने निघतात, सील नीट असेल तर. आकडे ढोबळ आहेत आणि प्रयोगशाळेतल्या कडक हवामानाचे आहेत, पण दिशा हीच.

मकरपुरा_लॅमिनेशन
काकांनी पाया घातलाच आहे, मी धंद्याच्या बाजूने लिहितो. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, माझं लॅमिनेशनचं जॉबवर्क आहे.

ताई, पहिली गोष्ट, बाजारात काही जण गेजमध्ये बोलतात, काही मायक्रॉनमध्ये. १०० गेज म्हणजे २५ मायक्रॉन. कुणी '२०० गेज जाड माल' म्हणाला तर तो ५० मायक्रॉन. जाडी सांगून विकणारे खूप भेटतील, पण नुसत्या एलडीपीईची जाडी दुप्पट केली तर वाफ निम्मी होते, बस. थर बदलला की फरक दहापट, शंभरपट पडतो. पैसे थरावर घाला.

नमकीन आणि मसाल्याला साधारण चालतं ते १२ मायक्रॉन पीईटी, १२ मायक्रॉन मेटलाइज्ड पीईटी आणि आत ४० ते ६० मायक्रॉन पॉली, म्हणजे पॉलिथिलीन. तुमच्यासारख्या लहान उत्पादकांनी छापील रोल करून घेऊ नये. ग्रॅव्हुअर छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर लागतो, त्याचा खर्च आधी पडतो आणि रोल काहीशे किलोंच्या खाली कुणी छापून देत नाही. उद्या पत्ता किंवा वजन बदललं की सगळा रोल पडून. तयार चंदेरी स्टँडिंग पाउच घ्या, झिपरवाले, त्यावर स्टिकर लावा.

एक बाजू पारदर्शक आणि एक बाजू चंदेरी असा पाउचही मिळतो आणि दुकानदारांना तोच आवडतो, माल दिसतो म्हणून. मसाल्याला तो घेऊ नका. उजेड एका बाजूने आला तरी तो उजेडच.

आता_बंगळुरूत
मूळचा बडोद्याचाच, आता गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहितो. फराळ मागवतो तेव्हा चकलीपेक्षा तिचा चुरा जास्त येतो. त्यावर काही उपाय आहे का? वेफर्सच्या पुड्या हवेने फुगलेल्या असतात तसं काही?

मकरपुरा_लॅमिनेशन
हो, त्या पुड्यांत साधी हवा नसते, नायट्रोजन असतो. प्राणवायू बाहेर काढून नायट्रोजन भरला की खवटपणाही लांबतो आणि उशीही होते. पण नायट्रोजन टिकवायला मेटलाइज्ड थर हवाच. साध्या पॉलीत भरलात तर थोड्याच दिवसांत आतबाहेर सारखंच. सुरुवातीला ताईंना मशीनचा खर्च नको असेल तर चकली आधी पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीनच्या) कप्प्यांच्या ट्रेमध्ये रचावी, ट्रे पाउचमध्ये, आणि बाहेर जाड खोका. चुरा त्यानेच कमी होतो.

होमसायन्स_मॅडम
मी पुरणपोळीबद्दल बोलते, कारण त्यावर अजून कुणी लिहिलं नाही आणि मला तीच काळजी आहे.

भाजणीघर, पुरणपोळी व्हॅक्यूम पॅक करून कुरियरने पाठवायचा विचार असेल तर कृपया करू नका. ओलसर आणि आंबट नसलेला पदार्थ हवाबंद पिशवीत साध्या तापमानाला ठेवणं धोक्याचं असतं. बुरशीला प्राणवायू लागतो, म्हणून पोळी वरून सुंदर दिसत राहते. पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू प्राणवायू नसतानाच वाढतो आणि त्याचं विष जिवावर बेतू शकतं. लोणच्यात आम्ल, मीठ, साखर असते, चकलीत पाणीच नसतं, म्हणून ते दोन्ही सुरक्षित राहतात. पुरणपोळीला यातलं पुरेसं काहीच नाही. कंपन्यांची महिनोन्महिने टिकणारी तयार भाजी असते, ती पाउचमध्ये बंद करून १२१ अंशाला दाबाखाली शिजवलेली असते. त्याला रिटॉर्ट म्हणतात, त्याचा पाउच वेगळा, आतला थर पीपीचा, कारण पॉलिथिलीन त्या तापमानाला टिकत नाही. घरात हे जमणारं नाही. पोळी बडोद्यातच ताजी द्या, किंवा फ्रोझन द्यायची सोय असेल तरच पुढे जा. कोणतंही प्लास्टिक हा प्रश्न सोडवत नाही.

फ्रोझन करणार असाल तर एक लक्षात ठेवा. साध्या पीपीचे डबे शून्याच्या आसपास ठिसूळ होतात, हातातून पडले की तडकतात. फ्रीझरला एलडीपीई किंवा नायलॉन-पॉलीचा पाउच बरा.

आणि 'फूड ग्रेड'बद्दल. डब्याच्या तळाला त्रिकोणात १ ते ७ आकडा असतो, तो फक्त प्लास्टिकची जात सांगतो: १ पीईटी, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पीपी, ६ पॉलिस्टायरीन, ७ बाकीचे सगळे. ५ आकडा बघून तो खाण्यायोग्य आहे असं होत नाही. त्यात कोणता रंग घातला, पुनर्वापराचा माल मिसळला का, हे आकड्यात कळत नाही. पुरवठादाराकडे लेखी मागा. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०१८च्या पॅकेजिंग नियमांप्रमाणे प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण पदार्थांची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे आणि त्याची चाचणी आयएस ९८४५ या भारतीय मानकाप्रमाणे होते. पॉलिथिलीनला आयएस १०१४६, पीपीला आयएस १०९१०, पीईटीला आयएस १२२५२. अहवालात हे आकडे दिसायला हवेत. तुमच्या लोणच्यासाठी तो अहवाल नुसत्या पाण्यातल्या चाचणीचा असून उपयोग नाही. आम्लाची आणि तेलाची, दोन्ही चाचण्या झालेल्या हव्यात. हे विचारलंत की 'चालशे' म्हणणारा विक्रेता कोणता आणि कागद काढून देणारा कोणता, ते लगेच कळेल.

भाजणीघर
मॅडम, मनापासून आभार. पुरणपोळी व्हॅक्यूममध्ये द्या असं दोघातिघांनी सुचवलं होतं. ते आता पूर्ण बंद. बडोद्याबाहेर पुरणपोळी जाणार नाही.

लोणच्याचं सांगा ना कुणीतरी. पाक गरम असतानाच बरणीत भरतो, म्हणजे जास्त टिकतं. सध्या पारदर्शक प्लास्टिकच्या बरण्या आहेत आणि त्या कधीकधी कमरेत आवळल्यासारख्या होतात.

पॉलिमरकाका
कमरेत आवळणारी बरणी म्हणजे पीईटी, नक्की. पीईटी ७०-८० अंशाला मऊ व्हायला लागतं. साधी पीईटी बरणी ६० अंशाच्या वर भरूच नये. गरम भरायचंच असेल तर पीपीची बरणी घ्या, ती १६० अंशापर्यंत वितळत नाही, उकळता पाक सहज सोसते. मात्र पीपी काचेसारखं लख्ख दिसत नाही, किंचित दुधाळ राहतं आणि प्राणवायू पीईटीपेक्षा खूप जास्त आत सोडतं.

लिंबाच्या बाबतीत अजून एक. लिंबाच्या सालीत लिमोनीन नावाचं तेल असतं. पॉलिस्टायरीनला, म्हणजे त्या कडक, काचेसारख्या टणटणीत स्वस्त डब्यांना, लिमोनीन अक्षरशः विरघळवतं. संत्र्याची साल थर्माकोलवर (तेही पॉलिस्टायरीनच) पिळून बघा, जिथे थेंब पडेल तिथे खड्डा पडतो. म्हणून लिंबू, संत्रं, मोसंबी यांचं काहीही ६ आकड्याच्या डब्यात घालायचं नाही. पॉलिथिलीन आणि पीपी विरघळत नाहीत, पण हे तेल हळूहळू शोषून घेतात आणि लोणच्याचा वास उतरतो. पीईटी यात सगळ्यांत बरं. माझं मत: पाक ५० अंशाखाली येऊ द्या आणि पीईटीत भरा. साखर, मीठ आणि आम्ल इतकं असताना टिकण्यासाठी गरम भरण्यावर अवलंबून राहायची गरज नाही. मॅडमना पटतंय का?

होमसायन्स_मॅडम
पटतं, दोन अटींवर. बरणी आणि चमचा पूर्ण कोरडे हवेत, आणि पाक थंड होत असताना पातेल्यावर ताट झाकू नये. ताटाखाली जमलेलं पाणी लोणच्यात पडतं आणि वरच्या थरातली साखर पातळ होते. बुरशी तिथूनच सुरू होते. स्वच्छ मलमल बांधा.

मकरपुरा_लॅमिनेशन
गळतीचं मूळ झाकणात आहे. झाकण कितीही आवळा, ट्रकच्या धक्क्यांनी ते आट्यांवर सैल होतं आणि तेल आट्यातून वर चढतं. इंडक्शन सील लावा. झाकणाच्या आत फॉइलची चकती असते, हातात धरायच्या मशीनने ती बरणीच्या ओठावर चिकटते. पण चकती घेताना बरणी दाखवूनच घ्या. पीईटी बरणीला पीईटीवर चिकटणारी चकती लागते, एचडीपीईला वेगळी, पीपीला वेगळी. चुकीची चकती लावली की ती वरवर चिकटते आणि प्रवासात सुटते, आणि मग सगळे बरणीला दोष देतात. बरणीच्या ओठावर पाकाचा थेंब असला तरी सील धरत नाही, भरल्यावर ओठ पुसायचाच.

आजीची_बरणी
इतकी खटपट करण्यापेक्षा काच का नको? आमच्या घरी लोणचं चिनी मातीच्या नाहीतर काचेच्या बरणीतच. वास नाही, डाग नाही, वितळणं नाही.

पॉलिमरकाका
काच उत्तमच, यात दुमत नाही. हवा, वाफ, वास, काहीच जात नाही. पण ताईंचा माल कुरियरने जायचा आहे. वजन वाढतं, भाडं वाढतं, आणि एक बरणी फुटली की सगळा खोका जातो. शिवाय काचेच्या बरणीचं झाकण पत्र्याचं असेल तर आतल्या लाखेवर ओरखडा पडला की मीठ आणि आम्ल तिथून गंज चढवतात. बडोद्यातल्या गिऱ्हाइकांना काचेत द्यावं, बरणी परत घ्यावी. हे मलाही आवडेल.

ओला_सुका_कचरा
मला एका गोष्टीवर आक्षेप नोंदवायचा आहे. वर सगळ्यांनी पीईटी, मेटलाइज्ड पीईटी आणि पॉलीचं लॅमिनेट सुचवलं. माल टिकेल, मान्य. पण रिकामा पाउच कुठे जाणार? पीईटी २५० अंशाच्या वर वितळतं, पॉलिथिलीन ११०च्या आसपास. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे एकत्र वितळवून चांगला दाणा बनत नाही. कचरा वेचणाऱ्या बायका असा चंदेरी पाउच उचलतच नाहीत, कारण भंगारवाला त्याचे पैसे देत नाही. पीईटीची बाटली मात्र लगेच उचलली जाते. मग ते पाउच नाल्यातून विश्वामित्री नदीत. घरगुती, चांगल्या हातचा पदार्थ आपण अशा पिशवीत घालावा का, याचा विचार व्हावा. मक्यापासून बनणारं, कुजणारं प्लास्टिक मिळतं ना?

पॉलिमरकाका
आक्षेप रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. आधी मक्याचं बघू. ते पीएलए. ५५-६० अंशाला मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या कुरियरच्या गाडीत आत किती तापतं याची कल्पना आपल्याला आहे. वाफही ते एलडीपीईपेक्षा जास्त सोडतं, म्हणजे चकली आणखी लवकर मऊ. आणि ते घरच्या कुंडीत कुजत नाही, त्याला औद्योगिक कंपोस्टिंगची उष्णता लागते. ताईंच्या एकाही पदार्थाला मी ते सुचवणार नाही.

पण एकाच जातीच्या थरांचा पाउच हा मार्ग खरा आहे. बाहेर बीओपीपी (दोन्ही दिशांनी ताणलेली फिल्म), मध्ये मेटलाइज्ड बीओपीपी, आत सीपीपी (न ताणलेली, सील होणारी फिल्म). तिन्ही पॉलिप्रॉपिलीनच. मुलामा इतका पातळ असतो, मायक्रॉनच्या काही शतांशांएवढा, की पुनर्वापराला तो मोठा अडथळा होत नाही. वाफ अडवण्यात हा पाउच मेटलाइज्ड पीईटीच्या तोडीचा आहे, काही वेळा सरस. प्राणवायूला मात्र तो कमी पडतो.

मकरपुरा_लॅमिनेशन
मी सहमत. चकलीला दीड महिना पुरे असेल तर पूर्ण पीपीचा पाउच घ्या. चकलीची पहिली तक्रार वाफेचीच आहे. गोड्या मसाल्याला मात्र पीईटीचाच ठेवा, वास महिनोन्महिने धरायचा आहे. पीपीच्या पाउचमध्ये एक अडचण आहे, सीलिंगचं तापमान नेमकं ठेवावं लागतं. पॉलीच्या आतल्या थरात दहावीस अंश इकडेतिकडे चालतात, इथे जास्त झालं की बाहेरचा थरच आकसतो. ते हाताला सवय झाली की जमतं.

ओला_सुका_कचरा
मसाल्यासाठी मोठा पाउच एकच काढा, ५० ग्रॅमच्या लहान पुड्या नकोत. तेवढ्याच मसाल्याला प्लास्टिक कमी लागतं. बडोद्यातल्या गिऱ्हाइकांना काकांनी सांगितलं तसं काचेत द्या. एवढं झालं तरी माझं समाधान आहे.

भाजणीघर
५० ग्रॅमची पुडी बंद, मसाला पाव आणि अर्धा किलोतच. बडोद्यात लोणचं काचेत, बरणी परत आणली की पुढच्या खरेदीत पैसे वजा. चकलीला पूर्ण पीपीचा पाउच, बाहेरगावच्या लोणच्याला पीईटी आणि इंडक्शन सील.

दोन गोष्टी उरल्या. पाउच आणल्यावर तो सांगितल्यासारखाच आहे हे घरच्या घरी कसं तपासायचं? आणि मसाल्याच्या पाउचचं सील मधेच सुटतं, चकलीचं सुटत नाही, असं का?

पॉलिमरकाका
तपासायला सिलिका जेल आणा, रसायनांच्या दुकानात मिळतं. ओव्हनमध्ये चांगलं वाळवून रिकाम्या पाउचमध्ये भरा, सील करा आणि सोनाराकडे असतो तशा बारीक काट्यावर वजन करून तारखेसकट पाउचवरच लिहा. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवा आणि दर आठवड्याला वजन करा. वाढलेलं वजन म्हणजे आत आलेली वाफ. शेजारी तुमची जुनी पिशवी अशीच भरून ठेवा, फरक डोळ्यांना दिसेल. हे पावसाळ्यातच करा. हिवाळ्यात बडोद्याची हवा कोरडी असते, तेव्हा कुठलीही पिशवी पास होते.

कापून घेतलेला तुकडा पाण्यात टाकून बघायलाही हरकत नाही. पूर्ण पीपीचा पाउच पाण्यावर तरंगायला हवा, पीपीची घनता ०.९० आहे. पीईटी १.३८, ते बुडतं. तुकड्याखाली हवेचा बुडबुडा अडकू देऊ नका.

मकरपुरा_लॅमिनेशन
मसाल्याचं सील सुटतं ते भुकटीमुळे. पूड भरताना प्लास्टिकवर स्थिर विद्युत तयार होते आणि बारीक कण पाउचच्या तोंडाशी आतून चिकटून बसतात. त्यावर जबडा दाबला की कणांच्या जागी प्लास्टिक प्लास्टिकला भिडतच नाही. लांब दांड्याचं, रुंद तोंडाचं फनेल पाउचच्या अर्ध्यापर्यंत आत घाला आणि तिथे पूड सोडा. सीलची पट्टी किमान १० मिलिमीटर रुंद ठेवा, बारीक तारेचा सीलर यासाठी नको. सील झाल्यावर गरम असताना ओढून बघू नका, थंड होऊ द्या, मग दोन्ही हातांनी ताणा. चांगलं सील असेल तर फिल्म फाटते, सील उकलत नाही. प्रत्येक खेपेतला एखादा पाउच बादलीत पाण्याखाली धरून दाबा. बुडबुडे कुठून येतात ते बघा. कोपऱ्यातून आले तर जबड्याचा दाब कमी आहे, मधून आले तर पूड अडकली आहे.

नमुन्याचे पाउच माझ्याकडे दोन्ही जातीचे आहेत, रविवार सोडून कधीही येऊन घेऊन जा. येताना तुमचा स्वतःचा सीलर आणि थोडा मसाला घेऊन या, तापमान तिथेच बसवून देतो.